हिरवं कुंकू

माझ्या वडिलांचा पैठण गेटजवळच्या एका गल्लीत फोटो स्टुडिओ होता. तो बंद झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच, की काळ्या पडद्यामागे एक लाल दिवा असायचा, आंबट उग्र वास यायचा आणि आप्पा पाण्याच्या ट्रेमध्ये कोरा कागद हलवत उभे असायचे. बघता बघता त्या कागदावर माणूस उमटायचा. हे मी खरंच पाहिलं की आईकडून ऐकून ऐकून पाहिल्यासारखं वाटतं, ते आता ठरवता येत नाही.

आप्पा, म्हणजे त्रिंबक, कन्नडकडच्या मेंढपाळांच्या घरातले. शहरात वसतिगृहात राहून शिकायला आले आणि शाळेपेक्षा वहीदभाईंच्या स्टुडिओत जास्त रमले. वहीदभाई त्यांना म्हणायचे, "मियाँ, चीज को नक्को देखो, उसपे पडी सो रोशनी देखो." हे वाक्य आप्पा अजूनही कौतुकानं म्हणून दाखवतात. पुढं त्यांनी स्वतःचा 'मल्हार फोटो स्टुडिओ' थाटला. नऊ वर्षं तो चांगला चालला. लग्न ठरवायचे फोटो, शाळेच्या फॉर्मचे फोटो, म्हाताऱ्या माणसांचे भिंतीवर लावायचे मोठे फोटो. मग एका दिवाळीनंतर त्यांनी तो एकाएकी बंद केला. फोटो मोठे करायचा एनलार्जर देऊन टाकला, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

का बंद केला, असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "रंगीत आलं ना." विषय तिथंच मिटायचा. आई मात्र म्हणायची, "ह्यांच्यात चिकाटीच नाय. दुनियेनं रंगीत शिकून घेतलं, ह्यांनी दुकानाला कुलूप लावलं." ती हे कुणासमोरही म्हणायची आणि आप्पा मान खाली घालून ऐकून घ्यायचे. आईचं, म्हणजे रत्नमालाचं, माहेर पाचोड. तिथं आम्ही फार कमी जायचो, आणि गेलो तरी आप्पा बरोबर नसायचे. कारखान्यात मोजदाद आहे, सुट्टी नाही, असं काहीतरी कायम असायचं.

मागच्या दिवाळीत मी कपाट आवरत होते. माझा जुना डिजिटल कॅमेरा सापडला. मी शाळेत भूगोल शिकवते. सहलींचे फोटो काढायला घेतला होता, पण मोबाईल आल्यापासून तो पडूनच होता. मी तो चार्ज केला आणि हर्सूलला, आईआप्पांच्या घरी घेऊन गेले.

आप्पांनी तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, भिंगावरची धूळ फुंकली आणि परत माझ्या हातात दिला.

"रंगाचं आपल्याला जमत नाय, मोनाली."

"रंगीत कशाला? ह्यात काळंपांढरंही आहे," मी म्हणाले आणि मेनूत जाऊन बदल करून दिला.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर घराची गॅलरी दिसत होती. दोरीवरचे कपडे, तुळस, पलीकडच्या घराची पाण्याची टाकी. सगळं एका क्षणात काळंपांढरं झालं. आप्पा पुढं सरकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अन् फोटो निघंल तोबी असाच?"

"असाच."

"डेव्हलप करावा नाय लागणार?"

"नाही."

आप्पांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला. कॅमेरा हळूहळू फिरवत ते घरातली एकेक वस्तू त्या पडद्यातून पाहत होते. शेवटी तो आईवर येऊन थांबला. आई मटार सोलत होती. "माझ्यावर नका धरू ते, केस नाय विंचरले," ती म्हणाली. तोवर खटका वाजला होता.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा सकाळी हर्सूलच्या तलावावर जायला लागले. वय अडुसष्ट, गुडघे दुखतात, पण पहाटे उठून स्वेटर घालून तयार. आठवड्याभरात माझ्याकडे तक्रार आली.

"सगळं राखाडी येऊ राहिलंय. राख फासल्यावाणी. काळ्याला काळं म्हणता आलं पाहिजे अन् पांढऱ्याला पांढरं."

मी थोडं वाचलं, शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, की फोटो आधी रंगीतच काढायचा आणि नंतर कॉम्प्युटरवर काळापांढरा करायचा. तिथं लाल, पिवळा, हिरवा, निळा अशा पट्ट्या असतात. हिरव्याची पट्टी खाली ओढली की फोटोत जे जे हिरवं होतं ते गडद होतं, वर नेली की फिकट. आप्पांना हे पटकन कळलं. पूर्वी ते भिंगासमोर पिवळी काच लावून आभाळ गडद करायचे, तसंच हे. माझा जुना लॅपटॉप मी त्यांना देऊन टाकला. पण तिथं बसले की ते अडायचे. कुठली पट्टी ओढायची ते त्यांना ठरवता यायचं नाही. एकेक पट्टी खालीवर करत, अंदाजानं, तास तास घालवायचे. वयामुळं गोंधळत असतील, असं मी धरून चालले.

जानेवारीत आम्ही तिघं माझ्या गाडीनं कन्नडच्या पुढं आप्पांच्या गावी गेलो. तिथं त्यांची थोरली बहीण राहते, माझी वच्छलाबाई आत्या. शहात्तर वर्षांची. कपाळावर, हनुवटीवर गोंदण, आवाज मात्र अजून रानातल्या माणसाला हाक मारावी असा.

"माझा चांगला फोटो काढ बाबा," तिनं आल्या आल्या सांगितलं. "आधार कार्डावरचा पाहून माझी नात घाबरती."

आप्पांनी तिला लिंबाच्या सावलीत बाजेवर बसवलं. उन्हाची एक तिरीप तिच्या गालावर येत होती, तेवढी राहू दिली. आधी तिच्याशी गप्पा मारल्या, मेंढरांच्या, वडिलांच्या, कुठल्या तरी हरवलेल्या कुत्र्याच्या, आणि ती बोलण्यात रंगली तसे फोटो काढत गेले. मी आप्पांना कधी कुणाशी इतकं मोकळं बोलताना पाहिलं नव्हतं.

नंतर आत्यानं सुपात बोरं आणली. आम्हा दोघींसमोर सूप ठेवलं आणि आप्पांसाठी मात्र एकेक निवडून त्यांच्या हातावर ठेवायला लागली.

आई हसली. "आक्का, ते काय लहान आहेत का निवडून द्यायला?"

"अगं, त्याला कुठं कळतंय पिकलेलं अन् कच्चं?" आत्या म्हणाली. "जन्मापासून मीच निवडून देती. लाल अन् हिरवं त्याला एकच दिसतंय. तुला नाय ठावं?"

आई हसतच होती. मग तिचं हसू थांबलं.

आत्याला काही उमगलं नाही. ती आपल्या ओघात सांगत राहिली. त्यांच्या मेंढरांच्या पाठीवर लाल ठिपका असायचा आणि चुलत्याच्या मेंढरांवर हिरवा. पाण्यावर दोन्ही कळप एक झाले की ज्यानं त्यानं आपली ओळखून वेगळी काढायची. आठ वर्षांच्या त्रिंबकनं एकदा चुलत्याची अकरा मेंढरं घरी हाकत आणली. चोरी केली म्हणून बापानं दोरखंडानं फोडून काढलं. "मला रातभर म्हणत होता, आक्का, ठिपका सारखाच तर हाय. तवापासून मी त्याच्यासंग पाण्यावर जायची. मी बोट दाखवायची, तो हाकायचा. कुणाला सांगितलं नाय आम्ही. म्हणलं, लोक आंधळा म्हणतेन."

आप्पा उठले आणि कॅमेरा घेऊन गोठ्याकडे निघून गेले.

परतताना गाडीत आई मागं बसली होती. वेरूळ मागं पडलं. दौलताबादच्या किल्ल्याजवळ वाहनं तुंबली होती, गाडी थांबली. तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"म्हणून ते कुंकू हिरवं झालं."

आप्पा समोर पाहत राहिले.

"कुठलं कुंकू?" मी विचारलं.

मग दोघांकडून तुकड्या तुकड्यांनी ते बाहेर आलं. तेव्हा काळ्यापांढऱ्या फोटोवर हातानं रंग भरायची पद्धत होती. लोकांना ते फार आवडायचं. आप्पांकडे एका ट्रेमध्ये ओळीनं लावलेल्या रंगांच्या बारा ट्यूब होत्या. लेबलं बोटं लागून लागून पुसली गेलेली. आप्पा रंग पाहून नाही, जागा पाहून उचलायचे. डावीकडून पहिली लाल, दुसरी गुलाबी, शेवटून दुसरी हिरवी. नऊ वर्षं त्यांचा हात चुकला नाही.

पाचोडचे काकासाहेब म्हणून एक मोठे शेतकरी होते, आईच्या माहेरच्या शेजारचे. त्यांची आई वारली, नवऱ्याच्या आधी, सवाष्ण. तिचा एकच लहानसा फोटो होता. तो मोठा करून, रंग भरून, भिंतीवर लावायचा होता. गावचा जावई फोटोग्राफर म्हणून त्यांनी तो विश्वासानं आप्पांकडे आणला. आप्पांनी मन लावून केला. काकासाहेब न्यायला आले, कागद सोडला आणि पाहतच राहिले. आईच्या कपाळावर हिरवं कुंकू. हातात लाल बांगड्या.

"ते ओरडले नाय," आप्पा म्हणाले. "कागद परत गुंडाळला अन् म्हणले, पिऊन बसतोस का रे दुकानात? अन् गेले."

पाचोडमध्ये ते आठवड्यात पसरलं. रत्नमालाचा नवरा दारुडा निघाला. मेलेल्या बाईच्या कपाळाला हिरवं फासलं. आईच्या वडिलांना, बापूंना, ते फार लागलं. ते वारले तेव्हा आप्पा पाचोडला गेले होते, पण दाराबाहेरच उभे राहिले आणि तिथूनच परतले.

"त्या दिवाळीला स्टुडिओ झाडायला मी आले होते," आई म्हणाली. "ट्रे धुतला. ट्यूबा पुसल्या. मग मोठ्या एकीकडं, बारक्या एकीकडं, अशा नीट लावून ठेवल्या. मला वाटलं, काय छान आवरलंय."

गाड्या सरकल्या. मागून हॉर्न वाजायला लागले म्हणून मीही गाडी पुढं घेतली.

"तुम्हाला कळलं होतं," आई म्हणाली.

"काकासाहेब गेल्यावर ट्रे पाहिला तवा कळलं."

"मग मला कामून नाय सांगितलं? सदतीस वर्षं मी तुम्हाला चिकाटी नाय म्हणत राहिले. लोकांसमोर म्हणत राहिले."

"सांगितलं असतं तर तू सोताला दोष देत बसली असती. अन् मला रंग दिसत नाय हे कळलं असतं तर कोण येणार होतं फोटोवाल्याकडं?"

"दिला असता दोष. दोन दिवस दिला असता," आईचा आवाज चढला. "तिसऱ्या दिवशी तुमच्याशेजारी स्टूल टाकून बसले असते अन् रंग सांगितले असते. एवढंच तर लागत होतं!"

आप्पांनी खिडकीची काच खाली केली आणि बाहेर तोंड करून बसले.

पुढचे दोन दिवस आई त्यांच्याशी जेवायला बसा आणि गोळ्या घ्या एवढंच बोलली. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून तिकडं गेले, तर दोघं लॅपटॉपसमोर शेजारी शेजारी बसलेली. पडद्यावर आत्याचा फोटो.

"लुगडं जांभळं आहे. काठ पिवळा," आई सांगत होती. "मागचा लिंब हिरवा. गोंदण बी हिरवंच, जरा निळ्याकडं झुकलेलं."

"गोंदण हिरवं असतं?" आप्पांनी विचारलं. "मला वाटायचं काळंच असतंय."

त्यांनी हिरवी पट्टी हळूच खाली ओढली, मग निळी. लिंबाची पानं मागं गडद होत गेली. चेहऱ्यासाठी त्यांनी केशरी थोडी वर नेली. आत्याची सुरकुतलेली कातडी उजळली आणि तिच्यावर गोंदणाचे ठिपके एकेक करून स्पष्ट झाले, कपाळावरचे, हनुवटीवरचे, डोळ्याच्या कडेचा तो बारीकसाही. राखाडी चिखलातून आत्याच बाहेर आली जणू. आप्पांनी हात मागं घेतला.

"आता काळं काळं हाय," ते म्हणाले.

आईनं पदरानं पडदा पुसला. तिथं धूळ वगैरे काही नव्हती. मग म्हणाली, "पाचोडला जायचं. रविवारी. काकासाहेब हायेत अजून."

आप्पा नको म्हणाले, दहा कारणं सांगितली. आईनं एकही ऐकलं नाही.

काकासाहेब चौऱ्याऐंशीचे झालेत. पाचोडला त्यांचं नवं सिमेंटचं घर आहे, नातवंडं पुण्याला नोकरीला. ते व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. आईनं त्यांना ओळख दिली, पाया पडली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. रंग न दिसणं, ट्यूबा, दिवाळी. आप्पा पायरीशी उभे होते, हातात कॅमेऱ्याची पिशवी.

काकासाहेबांना ऐकायला कमी येतं. आईनं दोनदा सांगितलं. मग ते सावकाश उठले, आत गेले आणि बऱ्याच वेळानं सून त्यांच्यामागून एक जुन्या चादरीत बांधलेली चौकट घेऊन आली.

"लावला नाय कधी," ते म्हणाले. "अन् टाकलाबी नाय. आईचा फोटो कसा टाकायचा? बारका होता तो छत गळलं तवा भिजून गेला. आता आई म्हणून एवढाच हाय."

मी तो फोटो पहिल्यांदा पाहिला. नऊवारीतली बाई, गुलाबी केलेले गाल, ताठ मान. आणि कपाळावर मधोमध पोपटी टिकली. एखाद्यानं चेष्टा करावी तशी ती दिसत होती. काकासाहेबांनी सदतीस वर्षं तो फोटो चादरीत का ठेवला, ते मला समजलं.

"मी ह्याचा फोटो काढू?" आप्पांनी विचारलं. तिथं आल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले होते.

काकासाहेबांनी मान हलवली. आप्पांनी चौकटीतून फोटो अलगद बाहेर काढला, अंगणात सावलीतल्या भिंतीला टेकवला, उजेड कुठून येतो ते फिरून फिरून पाहिलं. गुडघे धरत खाली बसले. चार वेळा खटका वाजला. मग व्हरांड्यातल्या पलंगावर लॅपटॉप उघडला आणि फोटो काळापांढरा केला.

कुंकू राखाडी झालं, पण कातडीत विरून गेल्यासारखं फिकट.

"हिरवं आहे ते," आई शेजारी बसत म्हणाली. "हिरवं खाली ओढा. बांगड्या लाल हायेत, त्या सांभाळा. अन् गाल गुलाबी."

आप्पांनी हिरवी पट्टी खाली आणली. कपाळावरचा गोल गडद होत गेला, गडद, आणखी गडद, आणि मग ते नुसतं कुंकू होतं, कुठल्याही जुन्या फोटोत असतं तसं. मग त्यांनी लाल पट्टी वर नेली. गालांवर चढवलेला गुलाबी थर उतरला. खाली खरा गाल होता, जरा बसलेला, थकलेला. बांगड्या चमकल्या.

काकासाहेब वाकून पाहत होते. त्यांनी बोट पडद्याजवळ नेलं.

"हा तीळ," ते म्हणाले. "डाव्या डोळ्याखाली. आईला तीळ होता. मी इसरलो होतो."

त्यांनी सुनेला बोलावून दाखवला. मग शेजारच्यांना. मग परत येऊन बसले, आणि बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले.

"गावात मीच सांगितलं होतं," ते आईला म्हणाले. "पितो म्हणून. तुझ्या बापालाबी मीच."

"मला ठावं आहे," आई म्हणाली.

"चुकलं माझं."

"व्हय, चुकलं. बापू ते मनात घेऊन गेले. त्यांना आता कोण सांगणार?"

आप्पा पुढं झाले. "काकासाहेब, तुमचा एकट्याचा दोष नाय. मी तवा तोंड उघडलं असतं तर…" आईनं त्यांच्याकडं असं पाहिलं, की ते थांबले. ही गोष्ट तिला कुणाच्या चांगुलपणानं मिटवून टाकायची नव्हती. मोठा प्रिंट काढून पाठवते, एवढं मी सांगितलं आणि आम्ही निघालो.

काकासाहेब काठी टेकत आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत आले. तिथून दोन घरं सोडून माझ्या मामांचं, गोकुळमामांचं घर आहे. काकासाहेबांनी तिथं जाऊन हाक मारली, मामा बाहेर आले, आणि चार माणसं ये-जा करत असताना त्या म्हाताऱ्यानं भर रस्त्यात मोठ्यानं सांगितलं, "गोकुळ, तुझा मेव्हणा आयुष्यात कधी प्यायलेला नाय. मी खोटं बोललो होतो."

मामा गोंधळून एकदा त्यांच्याकडं, एकदा आप्पांकडं पाहत राहिले. मग त्यांनी काही न विचारता आप्पांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि म्हणाले, "दाजी, आत या. उन्हात कामून उभे राहिलात?"

मामींनी बाजरीच्या भाकरी टाकल्या, वांग्याची भाजी, ठेचा, कढी. आप्पांनी दोनदा कढी मागून घेतली. मामांनी ओसरीवर बाज टाकून दिली. जरा पडतो म्हणून आप्पा आडवे झाले आणि हात कपाळावर ठेवून गाढ झोपले. शाळेच्या वह्या तपासायच्या होत्या, मला लवकर निघायचं होतं. पण उन्हं उतरली तरी आईनं कुणालाही त्यांना उठवू दिलं नाही.